बाबाचं मोजलेलं पाणी

परीक्षेत मी पास झाले, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर लोक शेवटपर्यंत मार्कांचीच वाट बघत बसतात. नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेला बसले त्या वर्षी माझ्या गळ्यात दोन कामं पडली होती. एक अभ्यासाचं आणि दुसरं बाबाला पाणी कमी द्यायचं. त्यातल्या त्यात अभ्यास सोपा होता.

बाबाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. रेवदंड्याला पूल ओलांडला की खाडीच्या पलीकडे आमचा कोळीवाडा. बाबा आमच्या होडीचा तांडेल. होडी कुठे न्यायची, जाळं कधी टाकायचं, सगळं त्याच्या शब्दावर. आजारपणानंतर होडी काका न्यायला लागला आणि मी बाबाला ठरलेल्या वारी अलिबागला डायलिसिसला न्यायला लागले. मशीन त्याचं रक्त धुऊन द्यायचं. पण दोन खेपांच्या मधे प्यालेल्या पाण्याला अंगातून बाहेर पडायची वाटच उरली नव्हती. ते पायांवर चढायचं, छातीत साचायचं. डॉक्टरांनी एकदा मला बाजूला घेऊन सांगितलं, पाणी जास्त झालं तर एखाद्या दिवशी हृदय थांबेल, बाई. तेव्हापासून रोज सकाळी मी एक लहानसा पितळी तांब्या भरून फळीवर ठेवायचे. दिवसभरात बाबाला जे काय प्यायचं ते त्यातलंच, चहासुद्धा त्यातलाच. तांब्याचा ताबा माझ्याकडे आला आणि घरातली सगळ्यात वाईट बाई मी झाले.

मे महिन्यात आमच्याकडे सावलीतसुद्धा जीव नकोसा होतो. भर वाऱ्यात दुसऱ्या होडीला ऐकू जाईल असा ज्याचा आवाज, तो माणूस ओटीवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून हळूच म्हणायचा, "पोरी, घोटभर दे ना." मी म्हणायचे, "दुपारचं झालंय तुझं." मग तो समोर समुद्राकडे बघत बसायचा आणि मला त्याचा राग यायचा, माझा यायचा, त्या समुद्राचाही यायचा. रडू आलं की मी पुस्तक मोठ्याने वाचायचे.

बर्फाच्या बाबतीत मात्र तो मला गुंडाळायचा. आमच्या गावात बर्फ हा माशांचा. होडी निघायच्या आधी लाद्या येतात, फुटतात, होडीच्या पोटातल्या खणांत भरल्या जातात. तो बर्फ कोणी सरबतात घालत नाही, की त्याला कोणी पाणी समजत नाही. डॉक्टरांनी पाणी कमी केलं होतं, बर्फाचं नाव काढलं नव्हतं, एवढं बाबाला पुरेसं होतं. तो धक्क्यावर गप्पा मारायला म्हणून जायचा आणि एक गाल फुगवून, एक अक्षर न बोलता परत यायचा.

"तोंड उघड," मी म्हणायचे.

तो मान हलवून नाही म्हणायचा. मी कमरेवर हात ठेवून तशीच उभी राहायचे. तोवर तो निवांतपणे सगळा बर्फ चघळून संपवायचा आणि मग तोंड उघडून दाखवायचा. "बघ. काय हाय? काय पन न्हाय."

"बाबा, ते पाणीच आहे."

"पानी म्हंजे पानी आन् बरफ म्हंजे बरफ. बारावी शिकलीस आन् येवढा पन न्हाय कलत?"

घरी तो जिंकायचा, पण डायलिसिसच्या खोलीतल्या वजनकाट्यावर पकडला जायचा. मधल्या दिवसांत जेवढं पाणी पोटात गेलं तेवढं वजन वाढतं. तिथल्या सिस्टर काट्याकडे बघून म्हणायच्या, "काका, किती पाणी प्यालात?" बाबा छातीवर हात ठेवून सांगायचा, "तुमची शप्पथ शिस्टर, पोरीनं दिला त्याच्या वर एक थेंब न्हाय." खोटं बोलतोय असं त्याला मनापासून वाटत नसे. शेवटी मीच चुगली केली. सिस्टर आधी हसल्या, मग त्यांनी चेहरा कडक केला.

"काका, बर्फ वितळला की काय होतं?"

"मासली खराब होते," बाबा म्हणाला.

आजूबाजूच्या मशिनींना जोडलेले पेशंटसुद्धा हसले. मीही हसले. सिस्टरांनी मात्र त्याच्या सुजलेल्या पायावर अंगठा दाबला आणि पडलेला खळगा त्याला दाखवला. खळगा भरून यायला बराच वेळ लागला.

ह्याच सिस्टरांनी मला नर्सिंगचं डोक्यात घातलं. बाबाच्या हातात जाड सुई घालायची असायची. दुसऱ्या कोणी घातली की तो खोली डोक्यावर घ्यायचा, आणि ह्या घालायच्या तेव्हा त्याला पत्ताही नसायचा. एकदा त्या मला म्हणाल्या, "अर्धं काम तर करतेसच, मग परीक्षाच का देत नाहीस?" पुढच्या खेपेला त्यांनी आपल्या भाचीचं जुनं गाइड आणून दिलं. बाबा त्या दिवशी येताना रिक्षात सगळ्यांना सांगत होता, "आमची पोर शिस्टर व्हनार." अजून अर्जसुद्धा भरला नव्हता. उतरताना त्याने मला बजावलं, "पर मशीनवरची सुई मना तूच घालायची. सगल्यात पैली." मी म्हटलं, "चार वर्षं लागतात त्याला." तो म्हणाला, "मंग काय झाला, थांबतो."

ह्या 'थांबतो'वर मी अभ्यास केला. दुसरं काही कारण नव्हतं.

वाळत घातलेल्या बोंबलांची राखण माझ्याकडे होती. बांबूंवर बोंबील टांगलेले, खाली ताडपत्रीच्या सावलीत मी आणि माझं गाइड. कावळे हाकायच्या निमित्ताने बाबाही खुर्ची घेऊन यायचा. कावळे त्याच्या खुर्चीपाशी येऊन बसायचे, इतकी त्याची दहशत. तो विचारायचा, "आज काय वाचतंस?" आणि मी पुस्तकातलं त्याच्या भाषेत सांगायचे. फिजिक्स त्याला मुळीच आवडायचं नाही. शरीराचं मात्र तो कान देऊन ऐकायचा. किडनीचा धडा आला तेव्हा मी पान उलटणार होते, पण त्याने चित्र बघितलंच.

सगळं ऐकून तो म्हणाला, "आगो, होडीत पानी येनारच. पंप चालू पायजे. माजा पंप गेलाय, येवढाच ना?"

"एवढंच."

"आन् पंप बदलायचा लिवलाय का यात?"

"लिहिलंय."

त्याने पुढे विचारलं नाही. आईचा रक्तगट जुळत नव्हता आणि माझी किडनी घ्यायला तो मेला तरी तयार झाला नसता. तो विषय आमच्याकडे एकदाच निघाला होता आणि त्या दिवशी तो जेवला नव्हता. मी पुढचं पान काढलं.

एप्रिलमध्ये आमच्या आळीतली एक म्हातारी गेली. आमच्या गावात कोणी गेलं की त्या दिवशी एकही होडी समुद्रात जात नाही, कितीही चांगली भरती असो. बायकाही बाजारात टोपली नेत नाहीत. आणि ज्या घरचं माणूस गेलं त्या घरच्या होडीचा बावटा उतरवतात. लहानपणी ह्या दिवसांचं मला सुख वाटायचं, कारण बाबा घरी असायचा. त्या एप्रिलमध्ये मात्र माझा जीव मेटाकुटीला आला. म्हातारीला पोचवून आलेले सगळे खलाशी ओटीवर बाबाभोवती बसले आणि जो येईल तो आपल्या तांडेलाला गुपचूप बर्फाचा खडा देऊ लागला. मी हातात गाइड घेऊन बाहेर गेले आणि भलेमोठे पुरुष शाळेतल्या पोरांसारखे गाल लपवायला लागले.

"ही आत्ताच अशी, शिस्टर झाल्यावर काय करील?" कोणीतरी म्हणालं. बाबा एवढा खूश झाला की त्या दिवशी मी त्याला माफ करून टाकलं.

परीक्षा मे महिन्यात होती, अलिबागला. सकाळी निघताना मी तांब्या भरून आईच्या हवाली केला आणि बाबाच्या पाया पडले. तो आतल्या खोलीत भिंतीला उशी लावून टेकून बसला होता. रात्रभर आडवा झाला नव्हता म्हणाला, उकाड्याने. छातीत पाणी साचलं की माणसाला आडवं होता येत नाही, हे मला माहीत होतं, पण आदल्याच दिवशी त्याचं डायलिसिस झालं होतं, म्हणून मी उकाड्यावर विश्वास ठेवला.

"नीट लिव," तो म्हणाला.

"लिहायचं नसतं बाबा. कॉम्प्युटरवर माऊस दाबायचा असतो."

"मंग नीट दाब."

मी दारात चप्पल घालत होते. रोज ह्या वेळी तो पहिला घोट मागायचा. त्या दिवशी मागितला नाही. मला वाटलं, लेकीच्या परीक्षेसाठी एवढं तरी करतोय. रिक्षात बसल्यावरही त्या गोष्टीचं मला किती बरं वाटत होतं, ते आजही आठवतं आणि आजही सहन होत नाही.

पेपर चांगला गेला. शरीरातल्या पाण्याच्या मोजमापावर एक प्रश्न होता. त्याचं उत्तर मी पर्याय न वाचताच सांगितलं असतं. बाहेर आल्यावर मी बाबासाठी लिंबाच्या गोळ्या घेतल्या. गोळी चघळली की तहान मरते, असं सिस्टर म्हणाल्या होत्या. फोन लावला तर आईने उचलला नाही. आई फोन कधीच वेळेवर उचलत नाही.

रेवदंड्याच्या नाक्यावर मासे विकायला बसलेल्यांत आमच्या गावची एकही बाई दिसली नाही. माल लवकर खपला असेल, असं मला वाटलं. मग रिक्षा पुलावर चढली.

भरती पूर्ण भरली होती. पावसाळ्याची मासेमारी बंदी लागायला थोडेच दिवस उरले होते. अशा भरतीला खाडीत होडी राहत नाही. आणि आमच्या गावच्या सगळ्या होड्या ओळीने उभ्या होत्या. कोणीतरी गेलं होतं. मी एकेक म्हातारं माणूस आठवायला लागले. देवळामागचे आजोबा असतील, ते फार दिवस अंथरुणाला होते. नाहीतर शेवटच्या घरातली आत्या. गावातलं प्रत्येक आजारी माणूस मी त्या पुलावर मारलं, एक सोडून. मग होड्यांचे बावटे बघायला लागले. लाल, भगवा, निळा, सगळे फडफडत होते. आमच्या होडीची काठी मोकळी होती.

रिक्षावाला रेवदंड्याचा, त्याला काही माहीत नव्हतं. मी ओरडले तेव्हा त्याने पुलावरच ब्रेक लावला.

अंगण माणसांनी भरलेलं होतं आणि मला बघून सगळं अंगण उठून उभं राहिलं. मी निघाले आणि थोड्याच वेळात तो गेला होता. आई उंबऱ्यात बसली होती. तिने मला धरलं आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत राहिली, "त्याचाच शबुद होता गो. काल बोलला, काय पन झाला तरी पेपर हुईपर्यंत पोरीला फोन करायचा न्हाय." म्हणजे त्याला कळलं होतं. वर्षभर मी त्याचं वजन, सूज, घोट मोजत होते आणि त्याला कळलं ते मला कळलं नाही.

"पानी पन न्हाय घेतला," आई म्हणाली. "तू ठेवलेला तवाच हाय."

फळीवर तांब्या काठोकाठ भरलेला होता.

मी येईपर्यंत त्याला ठेवायचा होता आणि मे महिन्याचं ऊन होतं. होड्या सकाळी निघणार म्हणून बर्फ भरून झाला होता. होड्या निघाल्या नाहीत. खलाशांनी खणांतला बर्फ उपसून घरी आणला होता. ओटीवर लाद्या मांडून त्यावर त्यांनी आपल्या तांडेलाला निजवलं होतं, अंगाभोवती, कुशीला, डोक्याशी, सगळीकडे फोडलेला बर्फ. एवढा बर्फ त्याच्याजवळ मी कधी फिरकू दिला नसता. त्याच्याखालून पाण्याचे ओघळ ओटीवरून अंगणात चालले होते आणि माणसं पाय उचलून बसली होती.

एका काकीने माझ्या हातात तुळशीचं पान घातलेली पाण्याची वाटी दिली. शेवटचं पाणी तोंडात घालायचं असतं. "पाज गो बाबाला," ती म्हणाली. "आता पाज."

मला ते पाणी घालवेना. मी वाटी खाली ठेवली आणि त्याच्या कानाजवळचा बर्फाचा एक चांगला मोठा खडा उचलला. मी त्याचे ओठ बाजूला केले आणि तो गालात ठेवला, तो ठेवायचा त्याच बाजूला.

मी तिथेच बसून राहिले. बाबाच्या तोंडात बर्फ कधी टिकायचा नाही. मी कमरेवर हात ठेवून उभी असेपर्यंत तो संपवायचा. बऱ्याच वेळाने पुरुष त्याला उचलायला आले, तेव्हाही त्याचा गाल तसाच फुगलेला होता.