जर्मनीची बाटली आणि सहा लिंबं

“अवो, ती बाटली दुधाच्या पिशव्यांमागं सारा. सूनबाईला दिसली तर झालंच! पावणं आल्यावरच काढायची.”

हे सासूबाई सासऱ्यांच्या कानात कुजबुजल्या. पण कोल्हापुरातली कुजबुज ती! ओट्यापाशी मला शब्द न् शब्द ऐकू आला.

आता माझी काय गाळण उडाली सांगू? लग्नाला जेमतेम दोन महिने. पावणं म्हणजे माझे बाबा, गडमुडशिंगीहून पहिल्यांदाच जेवायला येणार. आणि लग्नाच्या बैठकीतच त्यांनी ठणकावलेलं, “त्या घरात दारूचा वास जरी आला, तर पोरगी परत नेणार!”

सासूबाई आंघोळीला गेल्या तसा मी फ्रिज उघडला. सडपातळ हिरवी बाटली. नणंदेनं जर्मनीहून आणलेली, तिकडच्या थंड डोंगरउतारावरच्या द्राक्षांची पांढरी वाइन. पांढरी कसली, फिक्कट पिवळी! झाकण फिरवून उघडायचं.

नवरा मटणाच्या रांगेत. विचारू कुणाला? बाटली गायब केली तर बोभाटा. मग ठरवलं, आतला माल बदलायचा! सहा लिंबं पिळली, फडक्यातनं रस गाळला, पाणी, चिमूटभर साखर.

पण चव नको जुळायला? वाइनचा एक घोट घेतला. हलकी, आंबटसर, कच्च्या सफरचंदासारखी करकरीत. माझं सरबत गोड वाटलं. पाणी वाढवलं. पुन्हा घोट. लिंबू कमी. पुन्हा घोट. नाजूक काम हो, घाई करून कसं चालेल? बाटलीत सरबत भरायला उरलेली वाइन सिंकमध्ये ओतली. फार नव्हती उरली.

दुपारी बाबा आले. पांढऱ्या रश्श्याचं पातेलं घेऊन मी दारापर्यंत आले आणि थिजलेच. बाबांच्या हातात पेला!

“पोरीला न्हाय न्हवं कळलं?” बाबा विचारत होते.

“छ्या! तुमी फोनवर बजावलं हुतं की,” सासरे म्हणाले.

“काय करणार पावणं? बैठकीत लई ताठ बोलून बसलो. पण तुमी ह्या वाइनचं सांगितलं, तवापास्नं जीभ गप बसंना.”

म्हणजे? बाटली बाबांसाठीच होती, आणि लपवली होती माझ्यापासून!

बाबांनी डोळे मिटून घोट घेतला. “आहाहा! थंड मुलखाची द्राक्षं, लगेच कळत्यात बघा.”

“हलकी हाय, पण कडक,” सासऱ्यांनी मान डोलावली. “लेकीला आजच सांगतो, आणखी चार आण म्हणून.”

तेवढ्यात सासूबाईंनी मला पाहिलं आणि झटकन बाटलीवर पदर टाकला. बाबांनी पेला पाठीमागं नेला. “लई न्हाय गं, घोटभरच! तेवढ्यातच गरगराय लागलंय बघ.”

दोन महिन्यांत ह्या घरात मी ‘हो’ आणि ‘वाढू का?’ याखेरीज काही बोलले नव्हते. शिवाय मघापासून समोरची भिंत जरा कललेली दिसत होती. पातेलं जपून खाली ठेवलं.

“बाबा, तुम्ही पिताय ते लिंबाचं सरबत आहे,” मी म्हणाले. “गरगरतंय ते मला!”