मामांच्या नावाचा दगड

देवाने माणसाला कान दिले ते ऐकायला; आमच्या मामांना मात्र ते दगड पारखायलाच दिले होते. निपाणी ते कोगनोळी रस्त्याची खडी त्यांच्या खाणीतली. पण खाणीबाहेरही हातोडी सुटायची नाही. समोर येईल ते वाजवून बघायचं. खणखणीत वाजलं तर खरं, बद्द वाजलं तर खोटं. मुलगी बघायला गेले तेव्हा म्हणे त्यांनी आधी सासऱ्यांचा उंबरा वाजवला आणि "उंबरा पक्का हाय, पोरगी बघायची गरज न्हाय," म्हणून पोहे मागवले. आमच्या खडी फोडणाऱ्या घरातला मी पहिला बी. ए.; तर पेढा घेण्याआधी माझं टाळकं बोटांनी वाजवून म्हणाले, "व्हय, भरलंय."

अशा माणसाचा सत्कार करायचं रस्त्याच्या कंत्राटदारांनी ठरवलं. ओढ्यावरच्या नव्या पुलाच्या कठड्यात कोनाडा ठेवला, त्यात मामांच्या नावाची शिळा. मजकूर माझा, चार ओळींसाठी आठ दिवस झिजलो होतो. मामी इरकली लुगडं नेसून पुढे बसली. तिला वाचता येत नव्हतं, पण नवऱ्याचं नाव दगडावर कसं दिसतं ते डोळे भरून पाहायचं होतं. बांधकाम खात्याच्या साहेबांनी पडदा सारला, टाळ्या झाल्या, आणि मामांनी पुढे होऊन शिळा वाजवली. बद्द!

"आतनं चिरलाय. काढा ह्यो," मामा साहेबांदेखत म्हणाले.

"अवो, आजच्या दिस ऱ्हाऊ द्या की!" मामी कळवळली.

"आन लोक म्हणतील, खडीबी असलीच घातली आसल! दुसरा मी आणतो."

माझी अक्षरं गाडीत घालून परत नेली. मी महिनाभर मामांशी बोललो नाही.

दुसरा दगड त्यांनी खरंच शोधला, एकदा नव्हे, चारदा. पण खणखणीत दगड हाती लागला की त्यांचा जीव अडकायचा. "नाव लिवून नुस्ता हुबा करायचा? वाया जाईल की रं!" एक बोरगावच्या विहिरीला गेला, एक शाळेच्या उंबऱ्याला, एक कुणाच्या जात्याला. मामी दर खेपेला विचारायची, "आणि माझा?" "म्होरला तुझाच." चौथा त्यांनी माझ्या नव्या घराच्या पायरीला बसवला, आणि त्याच साली ते गेले.

पुलावरचा कोनाडा रिकामाच राहिला. वर्षश्राद्धानंतर मामी माझ्याकडे आली. पायरीशी बसली, पेरांनी दगड वाजवला, मान तिरकी करून ऐकत राहिली. "ह्यांचाच हाय," म्हणाली. आणि पदर सावरून, पायरीवर पाय न ठेवता, बाजूने आत आली.