दुपारच्या कार्यक्रमात आमची ही

माझी बायको वारली त्याला एक महिना नऊ दिवस झाले होते, आणि त्या दिवशी दुपारी ती आमच्या वर्कशॉपमध्ये रेडिओवर बोलायला लागली.

जसं झालं तसं लिहितो. सातवीतून शाळा सुटली माझी, त्यामुळे सजवून लिहिता येत नाही.

सातपूरला एका लहान वर्कशॉपमध्ये मी अजून कामाला जातो. वय अडुसष्ट. मशीनवर कोणी बसू देत नाही आता, म्हणून तयार मालाच्या कडा कानशीने घासतो. आम्ही सहा जण. जेवणाच्या सुट्टीत साडेबाराला रेडिओवर हसण्याचा कार्यक्रम लागतो. त्यात एक मामा असतो आणि एक आत्याबाई. दोघं भांडतात, लोकांचे फोन घेतात, आणि मधेच कोणाला तरी खोटा फोन लावून त्याची फजिती करतात. ते खोटे फोन आमच्या पोरांना लय आवडतात.

त्या दिवशी मी डबा उघडून बसलो होतो. खानावळीचा डबा, चव बघायची सवय सोडली होती. मामा म्हणाला, "नमस्कार, वधूवर सूचक मंडळातून बोलतोय. आपल्या घरच्या एका गृहस्थांनी नाव नोंदवलंय. वय सदुसष्ट, निर्व्यसनी, अविवाहित."

समोरून बाई म्हणाली, "थांबा जरा, पोळी तव्यावर हाय."

माझा घास हातात राहिला.

आवाज तिचाच. चाळीस वर्षं ऐकलेला. पोळी तव्यावर हाय, हे तर मी हजार वेळा ऐकलंय. काही विचारलं की आधी हेच.

आता मी जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मला वाटायचं रेडिओवरचं सगळं त्याच वेळेला चालतं. घड्याळात पाऊण वाजला होता. ती पाऊणला पोळ्या करायची. मी खिशातून मोबाईल काढला आणि घरी तिचा नंबर लावला. फोन बंद आहे म्हणून कंपनीची बाई बोलली. तो फोन मीच बंद करून कपाटात ठेवला होता, तिच्या पातळांवर.

तोवर ही बोलतच होती. "निर्व्यसनी कोणी लिहिलं? तंबाखूची पुडी उशाखाली असते, ती काय बाळगुटी हाय?" पोरं हसली. रेडिओतही खूप माणसं हसली. "नवरी पाहिजे तर तिचे हात बघून घ्या भाऊ. ह्यांच्या पाठीला रोज मलम चोळावं लागतं. आन् चहा बशीत वतून पितात, भुरका पार कोपऱ्यावर ऐकू जातो. न्या तुम्ही. फक्त मी परत घेणार नाय."

ग्राइंडरवर काम करणारा माझा मित्र एकदम उठला आणि त्याने रेडिओचं बटण बंद केलं. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तो माझ्याकडे बघत होता.

"दादा," तो म्हणाला, "रेडिओवाल्यांना वहिनींचा नंबर मीच दिला होता. लय महिने झाले. दिवाळीच्या आधी. तेव्हा वहिनी होत्या ना. मग लागलंच नाही, मी विसरलो. आईशप्पथ विसरलो."

मी म्हणालो, "लाव."

"दादा, नको."

"अरे लाव म्हणतो ना. ती बोलतेय."

त्याने लावला. गाणं चालू होतं.

मग माझ्या डोक्यात एकच राहिलं. पुढे काय म्हणाली ती? गल्लीत ज्यांनी ऐकलं होतं ते सांगायला तयार होते. पण तिचं बोलणं मला दुसऱ्याच्या तोंडून नको होतं. लोक मीठमसाला घालतात. तिला घालायची गरज नव्हती.

एक सांगायचं राहिलं. ती गेली ती सकाळी, मेथी निवडताना. जुडी हातात, आणि भिंतीला टेकली. आम्हाला मूलबाळ नाही, घरात आम्ही दोघंच. जो येईल त्याला मी एकच सांगत होतो, अचानक गेली. दिंडोरीहून तिचा भाऊ आला, त्याला तेच सांगितलं. तो काहीतरी बोलायला गेला आणि गप्प बसला. मला वाटलं दुःखाने.

दोन दिवसांनी सुट्टी टाकून मी गंगापूर रोडला त्या रेडिओवाल्यांकडे गेलो. तिसरा मजला. चष्मेवाली एक मुलगी कॉम्प्युटरसमोर बसली होती, कार्यक्रम तीच जुळवते म्हणे. तिला वाटलं मी बक्षीस न्यायला आलोय. "बसा काका, सर कार्यक्रमात आहेत. पाच मिनिटं," म्हणाली आणि पाणी दिलं.

समोर काचेची खोली. आतलं सगळं बाहेरच्या स्पीकरवर ऐकू येत होतं, रेडिओवर जातं ते आणि जात नाही ते सुद्धा. लाल दिवा लागला की बोलणं लोकांसाठी. दिवा विझला की आपापसातलं.

मी बघतच राहिलो. मामा म्हणजे मला वाटायचं पोट सुटलेला, मिशीवाला. हा काडीसारखा, गालफडं बसलेला, पायात चप्पल नाही. आणि आत्याबाई बाई नव्हतीच. छातीपर्यंत दाढी आलेला चाळिशीचा बाप्या मांडीवर डबा घेऊन वांग्याची भाजी खात होता. आमच्या हिला त्या आत्याबाईचं फार कौतुक. म्हणायची, बिचारीला सून चांगली मिळाली नसेल.

दिवा विझला.

"तोंडात घास घेऊन आत्या करत जाऊ नको," मामा म्हणाला. "लोकांना वाटतं म्हातारीला अर्धांग झाला."

"झाला तर बरं. सुट्टी तरी मिळेल," दाढीवाला जाड्या आवाजात म्हणाला. "तू चार दिवस सासूला बघायला गेलास. इथे मीच मामा, मीच आत्या. स्वतःशीच भांडत होतो येड्यासारखा."

"ऐकलं मी. मामा चांगला केलास. आत्या नेहमीसारखी भिकार."

"सासू कशी आहे?"

"उठून बसली. म्हणते, रेडिओवर बोलतात ते खरंच तुम्हीच का जावईबापू? घरी तर तुमच्या तोंडाला कुलूप असतं."

"खरं बोलली. बरं, तो रिक्षाचा विनोद आता नको. गेल्या वर्षी झालाय."

"गेल्या वर्षी हसले ते आता जिवंत असतील का?" मामा म्हणाला. आणि त्याला काचेतून मी दिसलो. त्याने हात केला. "काय काका, बरोबर ना? बक्षीस न्यायला एकटेच? जोडीनं यायचं ना."

मला फिरवून बोलता येत नाही. मी काचेजवळ गेलो आणि म्हणालो, "जोडी परवा तुमच्याकडेच बोलली. पोळी तव्यावर असलेली. ती माझी बायको. वारली ती. महिना झाला."

दाढीवाल्याने घास डब्यात परत ठेवला. त्या मुलीच्या हातातलं पेन पडलं. मामाचं तोंड पांढरं झालं, खोटं नाही सांगत, चुन्यासारखं.

आणि लाल दिवा लागला.

तो माणूस हसला. "आलो रे आलो नाशिककर, मामा आलाय," असं म्हणून पोटातून हसला. आत्याबाईने बारीक आवाजात त्याला शिवी हासडली, त्याने उलटी हासडली, मग हसण्याचं बटण दाबलं आणि शेकडो माणसं हसली. मी आयुष्यात प्रेतं उचलली आहेत, मशीनमध्ये बोटं गेलेली बघितली आहेत. पण त्या दुपारी जेवढा हबकलो तेवढा कधी नाही. त्याचा आवाज हसत होता आणि डोळे माझ्यावरून हलत नव्हते.

गाणं लावून तो बाहेर आला. माझ्या पायाशी खालीच बसला.

"काका, तो फोन मी बाजूला ठेवला होता. लावायचा नव्हता."

ती मुलगी रडायला लागली. ती महिनाभरापूर्वीच कामाला लागलेली. त्यांच्याकडे असे फोन आधी घेऊन साठवून ठेवतात, कोणी रजेवर गेलं की त्यातले काढतात. मामा सासूकडे गेला, दुपारचे फोन संपले, हिने कॉम्प्युटरमध्ये शोधलं, एक कापून ठेवलेला, पण न लावलेला सापडला, ऐकला, हसली, लावला. तिची चूक काय त्यात?

"लावायचा का नव्हता?" मी विचारलं.

तो अनवाणी पायाची बोटं चोळत बसला.

"मला पुढचं ऐकायचंय. ती परत घेणार नाय म्हणाली, त्याच्या पुढचं."

"काका, रेडिओवर गेलं ते तिथेच संपतं."

"मग माझ्यासमोर असा का बसलायस मान खाली घालून?"

दाढीवाला आतून म्हणाला, "ऐकव त्यांना. मी सांभाळतो." आणि पुढची पंधरा मिनिटं त्या काचेमागे तो एकटाच मामाशी भांडला, मामा होऊन.

मला एका कोपऱ्यातल्या खोलीत नेलं, कानाला ते हेडफोनचं डबडं लावलं आणि न कापलेला, आख्खा फोन लावला. त्यात मधे हसणारी माणसं नव्हती. नुसती ती आणि तवा.

ती म्हणत होती, "अरे भाऊ, पहिल्याच वाक्याला वळखलं मी तुला. रोज ऐकते. आत्याबाई कुठंय, तिला नमस्कार सांग." मग मामा हसला, विचारलं, काकू, लावू का हे रेडिओवर? "लाव की. कारखान्यात ऐकत्यात ते. घरी माझं ऐकत नायत, तुझ्या डब्यातून तरी ऐकतील."

मग थोडा वेळ नुसती परात वाजली.

"भाऊ, असं मंडळ खरंच असतं का रे? म्हाताऱ्यांसाठी?"

"का हो काकू, काढून देता काय काकांना?"

"देऊन ठेवावं म्हणते. माझ्या काळजाची झडप गेलीय. डॉक्टर म्हणला ऑपरेशन करा, नायतर सहा महिने, लय तर वरीस. मला नाय फाडून घ्यायचं ह्या वयात. पण ह्यांना साधा भात लावता येत नाय. कुकरच्या शिट्ट्या मोजायला बसले की बिडीकाडी शोधायला उठतात."

मामाचा आवाज बदलला. साधा झाला. "काकांना माहितीये?"

"नाय. माझ्या भावाला माहितीये फक्त. आन् तू पण सांगायचं नाय. तोंडानं लय मोठे हायेत ते, आतून भित्रे. कळलं तर माझ्याकडं नुसते बघत बसतील. मला कोणी बघत बसलेलं नाय आवडत. हे कापशील ना एवढं?"

"कापतो काकू."

"शब्द दे."

"दिला."

"जा मग. करपली बघ पोळी तुझ्या नादानं."

संपलं.

मी ते डबडं काढलं नाही. तसाच बसलो. अचानक गेली म्हणून मी पन्नास जणांना सांगितलं होतं, आणि अचानक फक्त माझ्यासाठी होतं. तिला माहीत होतं. दिंडोरीला भावाकडे जाते म्हणून निघायची ती दवाखान्यात जायची. आणि हा काडीसारखा परका माणूस, ज्याचं तोंड तिने बघितलं नाही, त्याला माहीत होतं.

मी त्याला म्हणालो, "तुझ्याकडे नंबर होता. तुला मला सांगता येत होतं."

"शब्द दिला होता काका."

"तुझा शब्द राहिला. माझं काय झालं ते ऐक. ती दुपारी आडवी पडायला लागली तेव्हा मी तिला म्हणालो, बाईमाणसानं दिवसा लोळू नये, घरात अवदसा येते. असं बोललो मी. दोनदा. तिच्या काळजाची झडप गेलेली आणि मी हे बोललो."

दिवसभर उत्तरं देऊन पोट भरणारा माणूस, पण गप्प बसला. ते मला बरं वाटलं. काही बोलला असता तर मी मारलं असतं.

मग त्याने विचारलं, "त्या तुमच्यावर चिडल्या का तेव्हा?"

"नाही. म्हणाली, येऊ दे अवदसा, तिलाही चहा करून घालीन."

तो हसला. खरं हसला, मग तोंडावर हात ठेवला. मला राग आला नाही. ती असंच बोलायची, माणूस हसणारच.

निघताना मुलगी म्हणाली, काका, आम्ही हा फोन कधीच लावणार नाही, काढून टाकतो. मी म्हणालो, काढू नको. मला ते सगळं मोबाईलमध्ये भरून दे. आणि उद्या दुपारी परत लाव. तिने कापायला सांगितलं ते कापलेलंच राहू दे. फक्त ती बोलताना तुमचं हसण्याचं बटण दाबू नका. माणसांना हसायचं तिथे माणसं हसतील.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये साडेबाराला कोणी रेडिओ लावेना. ग्राइंडरवाला मित्र त्या दिवसापासून माझ्या शेजारी जेवायला बसला नव्हता. मी त्याला हाक मारून बसवला आणि म्हणालो, "आज बटणाला हात लावलास तर कानस मारीन." रेडिओ मीच लावला.

ती बोलली. तंबाखूची पुडी, मलम, बशी. सगळे खाली बघून जेवत होते, जसं सुतकात जेवतात. मी म्हणालो, "बशीचं खरं आहे."

मित्राच्या नाकातून आवाज आला. मग बाकीच्यांच्या. ती परत घेणार नाय म्हणाली तेव्हा तो डोळे पुसत हसत होता, आणि मीही.

संध्याकाळी घरी आलो. खानावळीचा डबा बंद करायला सांगून आलो होतो. तांदूळ धुतले, पाणी बोटाच्या पेराने मोजलं, कुकर लावला आणि उठायचं नाही म्हणून त्याच्यासमोर पाट टाकून बसलो. पहिली शिट्टी झाली. मोबाईल काढून तिचं बोलणं पहिल्यापासून परत लावलं. परत घेणार नाय पर्यंत दोन झाल्या, करपलेल्या पोळीपर्यंत चार. सगळं ऐकलं. भाताला शिट्ट्या किती, ते तिने मामालाही सांगितलेलं नाही.