ही गल्ली भाऊंची आहे

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी हे सगळं सुरू झालं. माझ्या अकरा महिन्यांच्या परीला रात्रभर जुलाब, आणि टँकरच्या पाइपाखाली बादली धरली तर पाणी चहासारखं! तेव्हापासून आमच्या नालासोपाऱ्याच्या बिल्डिंगच्या टाकीत पाणी कमी आणि किस्से जास्त साठलेत. आम्ही बायका टाकीपाशी जमलो की तेच निघतात. हसतो, पण आतून जळतो.

*

डॉक्टर म्हणाले, "आधी पाणी बदला."

मी म्हटलं, "डॉक्टर, तुम्हाला बदलू शकते. टँकरवाल्याला नाही!"

*

आमच्याकडे टँकरवाले दोनच. आमच्या गल्लीत भाऊ, पलीकडच्या गल्लीत शेठ. शेठचं पाणी स्वच्छ. म्हणून त्याला फोन लावला.

"शेठ, एक टँकर पाठवा ना. घरात लहान बाळ आहे."

"कुठली गल्ली?"

सांगितली.

"ती भाऊंची. आपण नाही येणार."

"अहो, भाऊ तर तुमचा दुश्मन ना?"

"दुश्मन आहे म्हणून काय त्याच्या गल्लीत घुसायचं?"

आता बोला! एवढी सभ्य दुश्मनी मी कुठेच पाहिली नाही.

*

दोघांनी भाव पण एकाच सकाळी वाढवला. आमच्या सेक्रेटरी मंजूताई खाली उतरून भाऊला भिडल्या.

"डिझेल महागलं, ताई."

"आणि मागे स्वस्त झालं तेव्हा?"

"तेव्हा आम्ही पेपर वाचत नव्हतो!"

*

मग मंजूताईंनी ओळखीने गिरीज गावच्या एका वाडीतला टँकर बोलावला. गोड्या विहिरीचं पाणी! मी परीची बाटली धुऊन तयार. बघते तर गल्लीच्या तोंडाशी भाऊचा आणि शेठचा टँकर नाकाला नाक लावून आडवे. जन्मात कधी ते दोन टँकर एकत्र उभे दिसले नव्हते!

गिरीजचा ड्रायव्हर बिचारा काचेतून म्हणाला, "वहिनी, पानी परत नेतो. केळींना घालतो."

केळी प्यायल्या. माझी परी राहिली.

*

तिसऱ्या मजल्यावरची शीतल वकिलाकडे टायपिंग करते. ती म्हणाली, "काकी, हा गुन्हा आहे. धंदेवाल्यांनी आपसात गिऱ्हाइकं वाटून घ्यायची नाहीत, ठरवून भाव लावायचे नाहीत. दिल्लीत स्पर्धा आयोग आहे, तिथे याची दाद लागते."

आमचे हे हसले. "दिल्लीवाले काय तुझ्या पिंपासाठी बसणार?"

शीतल म्हणाली, "काका, पिंपासाठीच बसवलेत त्यांना."

तक्रार केली. निकाल आमच्या बाजूने लागला! भाऊ त्याच दिवशी टाकीपाशी येऊन म्हणाला, "आम्ही अपिलात जातोय. आयोगाच्या वर राष्ट्रीय कोर्ट आहे. तोवर हेच पाणी प्या."

माझ्या परीकडे बघून म्हणाला मेला!

*

अपिलाची सुनावणी शीतलच्या लॅपटॉपवर बघितली. आम्ही सगळ्या तिच्या पलंगावर, परी माझ्या मांडीवर. हे कोर्ट त्यांच्या बाजूने गेलं, तर पोरीला जन्मभर चहाच पाजायचा का?

स्क्रीनवर एका चौकोनात भाऊ, दुसऱ्या चौकोनात शेठ. मध्ये त्यांचा वकील हात हलवून सांगत होता, की हे कट्टर प्रतिस्पर्धी आहेत. आत्ताही एक विरारला बसलाय, एक आगाशीला. एकमेकांचं तोंड बघत नाहीत, मग संगनमत कसलं?

एवढ्यात भाऊच्या मागून एक पांढरं मांजर निघालं, तोंडात बोंबील. शांतपणे चौकोनाबाहेर गेलं. आणि शेठच्या चौकोनात आलं!

परीने टाळ्या वाजवल्या.

जजसाहेबांनी चष्मा काढला. "ये बिल्ली किसकी है?"

भाऊ घाईघाईने म्हणाला, "शेठ की है, साहेब! हमारा तो सिर्फ बोंबील है!"

निकाल अजून यायचाय. पण तुमच्याही गल्लीला कुणाचं नाव लागलं असेल, तर टाकीपाशी जमणाऱ्या बायकांना एवढं जरूर सांगा. गल्ल्या वाटून घेणाऱ्यांना जाब विचारणारं कोर्ट आहे, आणि मांजर पांढरं होतं.