आता इतकं आलोच आहोत तर

माझी नात विमान चालवायला शिकली तेव्हा घरातल्या सगळ्यांना मी रडेन असं वाटलं होतं. मी रडले नाही. मी मटार सोलत बसले. अभ्यासासाठी तिला विमान-अपघातांचे जुने अहवाल वाचावे लागत, आणि ते मोठ्याने वाचले की तिच्या डोक्यात राहतात. ऐकायला घरात रिकामं माणूस एकच होतं.

आम्ही परदेशात, हॅमिल्टन शहराच्या उत्तरेला रोटोटुना नावाच्या उपनगरात राहतो. मुलगा कॉम्प्युटरवाला, सून इंजिनियर, नात विद्यापीठात. संध्याकाळी स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून ती वाचायची आणि मी समोर भाजी निवडायची. अहवालात नावं नसतात. नुसतं ‘पायलट’ आणि ‘प्रवासी’. विमानंही आपण मुंबईहून बसून येतो तसली नव्हेत, दोन-चार माणसांची, रिक्षाला पंख लावल्यासारखी. कुणी डोंगरावरच्या कुरणांवर खत टाकताना विजेच्या तारेत अडकलेला. कुणाचं पेट्रोल वाटेतच संपलेलं, कारण टाकीत काठी घालून बघण्याऐवजी काट्यावर विश्वास ठेवला. कुणाच्या इंजिनाच्या घशात दमट हवेने बर्फ धरलेला. कुणी मासे पकडायला चार दांडगे मित्र आणि त्यांचं सगळं सामान भरून छोट्याशा पट्टीवरून उडायला गेलेला.

नात अर्ध्यात थांबायची. “आजी, गेस. कॉज काय?”

पहिल्या आठवड्यात मी दर वेळी ‘इंजिन’ म्हणायची आणि दर वेळी चुकायची. मग हळूहळू मला वास यायला लागला. अहवालात कुठेतरी ‘घरी वाट बघत होते’ असं आलं, किंवा ‘दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हायचं होतं’ असं आलं, की मी मटाराची शेंग खाली ठेवायची.

“ढगात शिरला.”

“यू आर गुड,” नात म्हणायची.

चांगली कशाने नसेन? तो माणूस माझ्या ओळखीचा होता. ‘आता इतकं आलोच आहोत तर’ असं म्हणून पुढे जाणारी एक बाई मी फार जवळून पाहिली आहे. सव्विसाव्या वर्षी मी तीच होते.

त्या बाईची गोष्ट अशी. नणंदेचं केळवण कोकणात होतं. ही बाई पुण्याहून स्कूटरच्या मागच्या सीटवर, मांडीवर श्रीखंडाचा डबा. घाटाच्या तोंडाशी धुकं असं की स्कूटरचा दिवा धुक्यालाच दिसत होता, आम्हाला नाही. नवरा म्हणाला, इथे टपरी आहे, चहा पिऊ, धुकं उठलं की निघू. बाई म्हणाली, “आता इतकं आलोच आहोत तर जाऊ की हळूहळू. आणि निघालेल्या माणसाने मागे फिरू नये.” दुसऱ्या की तिसऱ्या वळणावर रस्त्याच्या कामाची खडी पडलेली होती. नवरा डावीकडे गेला, स्कूटर उजवीकडे, आणि बाई होती त्याच आसनात खडीवर सरकत गेली. नवऱ्याचं कोपर फुटलं. बाईने पुढची तीसेक वर्षं प्रत्येक लग्नात, प्रत्येक मुंजीत एकच सांगितलं: श्रीखंडाचा थेंब सांडला नाही. लोक हसायचे आणि ही फुशारायची. नवरा कोपर चोळत शेजारी बसलेला असायचा.

नातीला मी हे सांगितलं तेव्हा तिने अहवालाच्या सुरात विचारलं, “हवामान?”

“धुकं.”

“पायलट?”

“तुझे आजोबा. लायसन्स होतं.”

“कॉज?”

“मागे बसलेली बाई,” मी म्हटलं, आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की मुलगा वरच्या मजल्यावरून काय झालं म्हणून विचारायला आला.

तो हसला नाही. नातीला यापुढे व्यावसायिक पायलटचा कोर्स करायचा होता आणि त्यावरून बापलेकीत महिनोन्‌महिने गारठा होता. साधं लायसन्स मिळाल्यावरही तो तिच्या विमानात एकदाही बसला नव्हता. दर वेळी कंबर दुखते, ऑफिसचा कॉल आहे, ऑकलंडला जायचं आहे. ती हवेत असली की मात्र फोनवर तिच्या विमानाचा ठिपका बघत सोफ्याच्या कडेला बसायचा.

अशात माझ्या थोरल्या नातवाला, म्हणजे तिच्या भावाला, मुलगी झाली. तो पलीकडच्या किनाऱ्यावर गिझबर्नला असतो. बारसं शनिवारी ठरलं. बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्याने, आणि आत्या म्हणजे आमची पायलट. पणजी म्हणून माझ्यावर सोन्याची फुलं उधळायची होती. बाकीचे आदल्या दिवशी गाडीने निघणार होते, पण आत्याची शुक्रवारी परीक्षा होती. आणि त्या डोंगरदरीतल्या रस्त्याने मला पोटातलं सगळं वर येतं. जेवताना मी जाहीर केलं की मी आत्याबरोबर येणार.

“आई, तुला कळतंय का काय बोलतेस ते?” मुलगा म्हणाला.

“तुझ्यापेक्षा जास्त वाचलंय मी.”

त्याने आमटी ढवळली. मग लेकीकडे न बघता म्हणाला, “ठीक आहे. पण या खेपेला काही गडबड झाली ना, तर कोर्सचा विषय बंद. कायमचा.”

नातीने मान हलवली. तिचा घास हातातच राहिला होता.

शनिवारी सकाळी विमानतळावर तिने मला वजनकाट्यावर उभं केलं. मी चपला काढल्या. तिने पिशवीसकट उभं राहायला सांगितलं. काट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पिशवी उघडली. वर बेसनाचे लाडू, मध्ये घुगऱ्यांचा डबा, आणि तळाशी माझ्या जुन्या पैठणीत गुंडाळलेला वरवंटा.

“आजी. धिस इज अ रॉक.”

“वरवंटा आहे. बारशाला पाळण्याच्या खालून-वरून फिरवतात. तुझ्या बापाच्या बारशाला हाच होता, तुझ्याही.”

“दॅट्स नाइस. पण दगडच ना?”

दोन माणसांचं विमान, एकेक किलो मोजायचं. भारतातून बोटीने आणलेला दगड तिच्या हिशेबात कुठेच नव्हता. “लाडू ऑर रॉक. वन,” ती म्हणाली. मी मनावर दगड ठेवला, म्हणजे पिशवीत ठेवला, आणि लाडू तिथल्या मेकॅनिकच्या हवाली केले. त्याने एक तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाला, “स्वीट ॲज.” इथल्या बोलीत म्हणजे झकास, पण मला नुसतं ‘गोड’ ऐकू आलं. त्या बाबतीत त्याची काही चूक नव्हती.

निघण्याआधी आम्ही चहा घेतला, आणि चहा पिता पिताच तिने नकाशावर बोट ठेवलं. समुद्राच्या कडेकडेने पूर्वेला जायचं, मग एका नदीच्या मुखाशी उजवीकडे वळून दरीतून डोंगर ओलांडायचे, पलीकडे गिझबर्न. “इथे, नदीच्या तोंडाशी, मला डोंगराची ती धार क्लियर दिसली तर पुढे. नाही दिसली तर परत. तिथे डिस्कशन नाही.” चहाच्या टेबलावर ठरवायचं आणि हवेत फक्त पाळायचं, ही त्यांची पद्धत. मी शहाण्यासारखी मान डोलावली. मीच तिला हे दहा अहवालांतून काढून दाखवलं होतं.

उडालो. खाली हिरवी कुरणं, त्यावर मेंढ्या म्हणजे सांडलेल्या साबुदाण्यासारख्या. मला वाटलं होतं भीती वाटेल, पण त्या एवढ्याशा खोक्यात शेजारी बसून नातीचे हात बघताना मला एकदम श्रीमंत झाल्यासारखं वाटलं. तिचे हात माझ्या आईसारखे आहेत, लांब बोटांचे. ती रेडिओवर कुणाशी तरी ठाम आवाजात बोलत होती आणि पलीकडचा पुरुष तिला उलट न बोलता ऐकत होता. आमच्या घराण्यात बाईला असं भाग्य पहिल्यांदाच लाभलं असावं.

समुद्र डाव्या हाताला घेऊन नदीच्या मुखाशी आलो. डोंगरावर ढग बसला होता. कापूस पिंजून दरीत दाबून भरावा तसा. धार दिसत नव्हती. पण दरीच्या बरोबर मध्ये एक भोक होतं, आणि त्या भोकातून पलीकडचं पिवळं ऊन दिसत होतं. अगदी समोर. त्या उन्हापलीकडे पाळणा बांधून सगळे बसले होते.

हेडफोनमध्ये मला एक बाई बोलताना ऐकू आली. “अगं, तेवढ्यातून जाता येईल की. आता इतकं आलोच आहोत तर.”

मला वाटलं रेडिओवर कुणीतरी आहे. मग लक्षात आलं, ती मीच.

नातीने एकदा माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मटार सोलताना मी बरोबर ओळखलं की बघायची, तसं. “आजी,” ती म्हणाली, “दॅट्स द सेंटेन्स.”

आणि तिने विमान वळवलं. सावकाश, एक पंख समुद्राकडे झुकवून. तो डोंगर, ते भोक, ते पिवळं ऊन काचेतून बाजूला सरकत गेलं आणि समोर नुसतं मोकळं निळं पाणी आलं. आयुष्यात मी बऱ्याच वाटांनी गेले, पण अशा ऐटीत कुणाला परत फिरताना पाहिलं नव्हतं. मी मांडीवरच्या वरवंट्याला घट्ट धरून बसले होते. माझा स्वतःवर विश्वास उरला नव्हता, तिच्यावर पुरेपूर होता. वळून पाहिलं तेव्हा ते भोक बुजलेलं होतं.

किनाऱ्यालगत मागे एका गावी छोटी धावपट्टी होती, तिथे उतरलो. क्लबच्या खोलीत किटली होती, सोफा होता, बाहेर पावसाची झड सुरू झाली. नातीने फोन माझ्या हातात दिला.  “तू सांग बाबांना.”

मुलाने पहिल्या घंटीलाच उचलला. “काय झालं? ठिपका उलटा का फिरला?”

“काही झालं नाही. आम्ही परत फिरलो.”

“पण झालं काय?”

“तेच सांगतेय. तुझी लेक परत फिरली म्हणून काही झालं नाही.”

 फोनवर त्याच्या मागून नातसुनेच्या आईचा, आमच्या विहीणबाईंचा आवाज आला. त्या बाळंतपणासाठी पुण्याहून आल्या होत्या. “मुहूर्त टळतोय हो. आत्या नसेल तर मामीने सांगावं नाव, चालतं.” मग नातवाचा आवाज, फोनच्या अगदी जवळ: “मुहूर्त गेला तर गेला. नाव माझी बहीणच सांगणार. उद्या करू.”

नातीने हे ऐकलं आणि सोफ्यावर बसून पहिल्यांदा रडली. मी घुगऱ्यांचा डबा उघडला. बारशाच्या आधी बारशाच्या घुगऱ्या खाणाऱ्या आम्हीच. रात्री मोटेलात चिप्सचा पुडा.

रविवारी आभाळ घासून ठेवलेल्या पातेल्यासारखं लख्ख. नदीच्या मुखाशी ती धार काठावरची झाडं मोजावीत इतकी स्पष्ट होती.  उजवीकडे वळलो आणि दरीतून पलीकडे गेलो. खाली तो वळणावळणांचा रस्ता दिसला तेव्हा मी त्याला वरून वाकुली दाखवली.

विहीणबाईंनी रात्रीतून पंचांग पुन्हा बघितलं होतं. “कालच्यापेक्षा आजचाच योग चांगला निघाला,” त्या मला म्हणाल्या. मी म्हटलं, “असणारच.” वरवंटा पैठणीसकट पाळण्याच्या खालून-वरून फिरला. माझ्यावर सोन्याची फुलं पडली, एक ब्लाउजमध्ये गेलं ते अजून कुणाला सांगितलेलं नाही. आत्याने वाकून बाळाच्या कानात कुर्र केलं, नाव सांगितलं, आणि रिवाजाप्रमाणे बायका तिच्या पाठीत धपाटे घालायला धावल्या. त्या घोळक्यात माझा मुलगा घुसला. त्याचं तिथे काही काम नव्हतं. त्याने लेकीच्या पाठीत एक धपाटा घातला आणि हात काढायला विसरला.

दुपारी तो आम्हाला विमानतळावर सोडायला आला. नातीने काटा मांडला. मी पिशवी घेऊन पुढे झाले तर तो म्हणाला, “आई, तू गाडीने ये.” आणि बूट काढून स्वतः काट्यावर चढला. वर पट्टाही काढला. मी म्हटलं, “पोट आत घेऊन वजन कमी होत नाही रे.”

“वाटेत ढग आले तर?” त्याने लेकीला विचारलं.

“परत फिरायचं. दरीत शिरण्याआधीच.”

“आणि मी पुढे चल म्हटलं तर?”

“ऐकणार नाही.”

“बरं,” तो म्हणाला आणि दार उघडून आत बसला.

मी सुनेबरोबर गाडीने आले, मांडीवर वरवंटा. घाटात सुनेला दोनदा गाडी थांबवावी लागली, आणि दोन्ही वेळा रस्त्याच्या कडेला ओणवी होऊनही मला हसू येत होतं. घरी पोचलो तेव्हा कुकर लागलेला होता. मुलगा ओट्याशी उभा राहून मटार सोलत होता, मला तर ते पाहवेना, अर्धे दाणे जमिनीवर. समोर नात अहवाल वाचत होती, कोर्सच्या पहिल्या पेपरला लागणारे.

ती थांबली. “बाबा, कॉज?”

“थांब,” तो म्हणाला. “सांगू नकोस. आजीलाही बोलू देऊ नकोस.”