टँकरचा नंबर

सोलापुरात नवी पेठेतल्या एका दुकानात मी खिशात मावणारा, पण चांगला महागडा कॅमेरा बघत होतो. सेन्सर मोठा, अंधुक उजेडातही फोटो स्वच्छ, झूम तर असा की लांबच्या पक्ष्याचं पीसही दिसेल, असं विक्रेता सांगत होता.

शेजारी उभ्या असलेल्या पन्नाशीच्या धनगर बाईनं विचारलं, "लांबनं गाडीचा नंबर दिसंल का ह्यात?"

"मावशी, हे तुमच्या कामाचं नाही," तो हसला.

मी कॅमेरा तिच्यापुढे केला. तिनं आधी पदराला हात पुसले, मग तो रस्त्यापलीकडच्या रिक्षावर रोखला. नंबर स्पष्ट दिसला, तसे तिचे ओठ घट्ट मिटले.

तिनं सांगितलं, कुंभारी गावाजवळच्या ओढ्यात कुठल्याशा कारखान्याचा टँकर रोज दुपारी घाण ओतायचा. ते पाणी पिऊन तिची अकरा मेंढरं मेली होती. तक्रार केली तर सरकारी कचेरीतल्या साहेबानं पुरावा म्हणून फोटो मागितला. मोबाइलवर काढलेल्या फोटोत नंबर पुसट आला, म्हणून त्यानं तिला हाकललं.

"माज्या डोळ्यांदेखत वतलं की त्यानं! माजा डोळा खोटा, आन् ही डबी खरी व्हय?" कॅमेरा काचेवर आदळून ती निघाली.

त्या साहेबावर माझं डोकं सणकलं. तोच कॅमेरा विकत घेऊन मी तिला एसटी स्टँडवर गाठलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओढ्याकाठी बाभळीआड बसून मी टँकरचे फोटो काढले. ती मात्र लपली नाही. कमरेवर हात ठेवून, डोळे त्याच्यावर रोखून ती ड्रायव्हरसमोर उघड्यावर उभी राहिली.