बैठक वहिनींकडेच

त्या रविवारी सकाळी धुकं इतकं दाट होतं की समोरच्या इमारतीचा जिना अर्ध्यातच संपल्यासारखा दिसत होता. दोरीवरचे कपडे कालपासून तसेच ओलसर होते. वहिनींनी ते चाचपले, तसेच सोडले आणि मशीनवर बसल्या. मंडळी यायच्या आत दोन पँटींची उंची कमी करायची होती आणि एका जाकिटाची चेन बदलायची होती. जुनी चेन उसवता उसवता त्या तोंडातल्या तोंडात एकच वाक्य घोळवत होत्या, "पुढच्या महिन्यापासून बैठक दुसऱ्या कुणाकडे तरी ठेवू या."

एवढंच वाक्य. पण आठ दिवस ते माशाच्या काट्यासारखं घशात अडकलं होतं.

वहिनी हे काही त्यांचं नाव नव्हे. आधी नवऱ्याचे मित्र तसं म्हणायला लागले, मग गिऱ्हाइकं, मग सगळी गल्ली. आता तर सख्खी बहीणसुद्धा फोनवर "काय वहिनी, आहात का?" म्हणून खेचायची. नवरा पाणीपुरवठ्याच्या पंपावर कामाला. रविवारची ड्युटी त्याच्याच गळ्यात, त्यामुळे रविवारी घर रिकामं. सगळं घोडं तिथंच पेंड खात होतं.

सात वर्षांपूर्वी सासूबाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि अंथरुणाला खिळल्या त्या कायमच्या. वहिनींचं बाहेर पडणं बंद झालं. वाचनालयात पुस्तकं देणाऱ्या ताई तेव्हा म्हणाल्या, "तुला येता येत नाही ना? मग आम्ही येतो." ताईंबरोबर मास्तरीणबाई आल्या आणि सासूबाईंना इंजेक्शन द्यायला येणारी नर्सही बसायला लागली. महिन्याचा शेवटचा रविवार ठरला. चौघींनी एकच पुस्तक वाचायचं, त्यावर बोलायचं, मग एक सिनेमा, मग जेवण. ताईंनी एक नियम काढला: पुस्तकात जे खाल्लं जाईल तेच त्या दिवशी ताटात आलं पाहिजे.

नियम झकास होता. फक्त चूल वहिनींची होती.

बाकीच्या पुस्तकातल्या चांगल्या वाक्यांखाली रेघा मारायच्या, वहिनी कांद्याबटाट्यांखाली. एकदा पुस्तकातली नायिका तीनशे पानं उपाशी राहिली. तिघी ढसाढसा रडल्या, वहिनींनी मात्र लेखकाला मनोमन दुवा दिला. पण शेवटच्या प्रकरणात त्या मेल्यानं चाळीस माणसांचं जेवण मांडलं! सिनेमाचंही तसंच. शेवटचा अर्धा तास आला की वहिनी जेवण गरम करायला उठायच्या. सात वर्षांत त्यांनी एकाही सिनेमाचा शेवट पाहिला नव्हता. बाहेरून हुंदके आले की समजायचं, कुणीतरी गेलं. टाळ्या आल्या की समजायचं, जमलं.

गेल्या हिवाळ्यात सासूबाई गेल्या. वहिनी रडल्या, मनापासून रडल्या. आणि डोळे कोरडे झाल्यावर त्यांच्या मनात एक साधं चित्र येऊ लागलं. परक्या घरातली खुर्ची, आपण पाय लांब करून बसलोय, कुणीतरी विचारतंय, "आणखी वाढू?" आणि आपण म्हणतोय, "नको बाई, पुरे." ते "नको, पुरे" त्यांना एकदा तोंडानं म्हणायचं होतं.

पण पुढच्या बैठकीला, सासूबाईंचा पलंग असायचा त्या रिकाम्या कोपऱ्याकडे नर्सनं पाहिलं आणि म्हणाली, "आता जागा पण झाली, नाही?"

अकरा वाजता जिन्यात धापा ऐकू आल्या. ताई, मास्तरीणबाई आणि नर्स एक लांबलचक खोका धरून वर आल्या.

"काय गं, कुणाला उचलून आणलंत?" वहिनींनी विचारलं.

"पडदा!" नर्स म्हणाली. "सिनेमाचा, भिंतीवर लावायचा. आम्ही तिघींनी मिळून घेतला, तुमच्यासाठी."

"माझ्यासाठी?"

"मग? एवढं करतेस आमचं," ताई म्हणाल्या. "हातोडी कुठंय?"

वहिनींनी ओळखलं, आता नाही तर कधीच नाही. एकदा खिळा भिंतीत गेला की मग आपणही तिथंच. त्यांनी हातोडी आणली, पण हातातच ठेवली.

"मी काय म्हणते, पुढच्या महिन्यापासून बैठक दुसऱ्या कुणाकडे तरी ठेवू या."

नर्स हसली. "दमलात होय? अहो, भांडी आम्ही घासतो की!"

"भांड्यांचं नाही गं. मला कुणाच्या तरी घरी जाऊन बसायचंय. बास."

ताई खुर्चीवर टेकल्या. "माझ्याकडे दोन सुना आहेत. हसलं तरी विचारतात, काय झालं. तिथं कसली बैठक?"

"मी तर पेइंग गेस्ट," नर्स म्हणाली. "मालकीणबाई चपला मोजते."

वहिनींनी मास्तरीणबाईंकडे पाहिलं. सगळी भिस्त तिथंच होती. नवं घर, तीन खोल्या, गच्ची.

मास्तरीणबाई पदराच्या टोकाला पीळ देत होत्या. "घर सासऱ्यांचं आहे, वहिनी. चहाचा कप इकडचा तिकडे ठेवला तर ओरडतात. यांना मी सांगून येते, शिवणाऱ्या बाईकडे चालले. महिन्यातून चार तास. दुसरीकडे गेले तर काय सांगू? कुणाकडे चालले?" पदराचा पीळ त्यांनी सोडला. "तुमचा कंटाळा मला कळतो हो. पण तुम्ही दार लावलंत तर माझं बाहेर पडणंच संपलं."

शेजारीण भांडली असती तर वहिनींनी दोन हात केले असते. इथं तर तिघींनी हात जोडले होते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी गत. खाली कुणाची तरी स्कूटर सुरू होईना, तिच्या किकचे आवाज तेवढे येत होते.

"बरं," वहिनी म्हणाल्या. "खिळा जरा वर मारा, तिथं खालनं वायर गेलीय."

त्यांनी हातोडी ताईंच्या हातात दिली आणि स्टूल धरून उभ्या राहिल्या. पडदा लागला. छान लागला. मास्तरीणबाईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, नर्सनं पुस्तक उघडलं आणि ताई नेहमीसारख्या मोठ्यानं म्हणाल्या, "चला, यावेळी मी आधी बोलणार!"

"बोला, बोला. मला आतून ऐकू येतं," वहिनी म्हणाल्या.

स्वयंपाकघरात पुस्तकातल्या बेतासाठी उकडत ठेवलेले बटाटे फुटायला आले होते. त्यांनी गॅस बंद केला, पाणी ओतून टाकलं आणि गरम बटाटा फडक्यात धरून साल काढायला घेतली.